जुन्या मोटारीची पारख

जुनी वस्तू विकत घेणे आमच्या घराण्यात कधी कमीपणाचे मानले गेले नाही. वडिलांनी जुनी सायकल घेतली, आम्ही जुने शिवणयंत्र घेतले, आणि आमच्या विद्यार्थिदशेत वापरलेली क्रमिक पुस्तके तर निम्म्या किमतीत हातोहात फिरत असत. परंतु जुनी मोटार, आणि तीही पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी, जिला आज सर्वजण हायब्रिड म्हणतात, ती घेण्याचा प्रसंग वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आमच्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. तो प्रसंग कसा आला, आम्ही कोठे फसता फसता वाचलो आणि अखेर काय शिकलो, हे वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले. अशाच विचारात असलेली कुटुंबे आता पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना सल्ला देणारा मनुष्य हा स्वतःच विक्रेता असतो.

आमचे वास्तव्य लोधीखेडा येथे. नागपूर–छिंदवाडा मार्गावर सौंसरच्या अलीकडे हे आमचे गाव. सभोवार संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १९५६ पूर्वी नागपूर हीच आमच्या राज्याची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला व सौंसर तालुका त्यात आला. सीमा अशा बदलत गेल्या, तथापि घरात मोठे दुखणे आले की आमच्या भागातील मनुष्य आजही नागपूरचाच रस्ता धरतो.

तेच आमच्या वाट्यास आले. आमच्या पत्नीस मूत्रपिंडाचा विकार जडला आणि आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी नागपूरला जाणे क्रमप्राप्त झाले. जाऊन येऊन सुमारे एकशेवीस किलोमीटरचा प्रवास. अरुंद रुळांवरून धावणारी आमची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली; तिच्या जागी रुंद रूळ आले खरे, परंतु आगगाडीची वेळ व रुग्णालयाची वेळ यांचा मेळ बसेना. बसने जावे तर सकाळची वेळ निभावत असे. मात्र उपचारानंतर अंगातील सारे त्राण गेलेल्या माणसाने परतीच्या गर्दीत कसे चढावे? एका सायंकाळी त्या सावनेरच्या थांब्यावर उतरून दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज येथेच राहू या का?" त्या दिवसापासून आम्ही भाड्याची मोटार करू लागलो. एका फेरीचे अडीच हजार रुपये. वर्षाच्या एकशेचार फेऱ्यांचा हिशेब केला तेव्हा तो दोन लाख साठ हजारांवर गेला. निवृत्त शिक्षकाच्या निवृत्तिवेतनास हा भार पेलणारा नव्हता.

पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी सुचविले, "बाबा, स्वतःची गाडी घ्या, आणि घेणारच असाल तर वापरलेली हायब्रिड पाहा. पेट्रोल कमी लागेल, क्लच दाबावा लागणार नाही, आईला धक्के बसणार नाहीत." सूचना चांगली होती, परंतु ती ऐकून आमच्या मनात प्रथम उभी राहिली ती भीती. गावातील चार जाणत्यांना विचारावे तर तिघांचे उत्तर एकच: "बॅटरी गेली की गाडी गेली." आणि आमची गाडी बंद पडणार ती काही सहलीच्या वाटेवर नव्हे, तर रुग्णालयाच्या वाटेवर. सेवेच्या अखेरीस मिळालेली रक्कम हीच आमची पुंजी. ती एकदा चुकली तर पुन्हा मिळविण्याचे वय राहिलेले नव्हते. म्हणून आम्ही ठरविले की लोकांच्या भीतीवर विसंबायचे नाही आणि जाहिरातीवरही नाही. हे यंत्र आहे तरी काय, हे आधी समजून घ्यायचे.

वाचकहो, कल्पना तशी साधी आहे. बैलजोडीतील एक बैल जड ओझे ओढण्यात तरबेज आणि दुसरा चटकन पाऊल उचलणारा असावा, तशी या मोटारीत दोन यंत्रे असतात. जागेवरून हलताना व सावकाश चालताना विजेची मोटर काम करते. वेग वाढला, चढ आला की पेट्रोलचे इंजिन साथीला येते. खरी काटकसर निराळ्याच ठिकाणी आहे. साध्या मोटारीस ब्रेक लावला की तिचा वेग घर्षणाने उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिड मोटारीत ब्रेक लावताच तीच विजेची मोटर उलट काम करून वीज निर्माण करते व ती बॅटरीत साठविते. रात्रीची पोळी टाकून न देता सकाळी फोडणीस घालणाऱ्या गृहिणीसारखाच हा व्यवहार म्हणावयाचा. यामुळेच ब्रेकची पट्टीही कमी झिजते. बॅटरीस बाहेरून वीज भरावी लागत नाही, आणि ती काही फार मोठीही नसते. नुसत्या विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी तिच्या कितीतरी पट मोठी असते. पूर्ण विजेची मोटार घ्यावी काय, असाही विचार आम्ही केला. परंतु आमच्याकडील विजेचे येणे-जाणे ध्यानी घेता रुग्णालयाचा दिवस तिच्या भरवशावर ठेवण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

ही कल्पना नवीनही नाही. १९०० सालीच व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने पेट्रोल व वीज एकत्र वापरणारी गाडी तयार केली होती. परंतु सर्वसामान्यांच्या दारात ती आली जपानच्या टोयोटा कंपनीच्या 'प्रियस'मुळे, डिसेंबर १९९७ मध्ये. जानेवारी २०१७ अखेर त्या एका कंपनीने जगभर एक कोटी हायब्रिड मोटारी विकल्या होत्या. आता आपला प्रश्न नव्या गाडीचा नाही, जुन्या गाडीचा आहे; आणि त्याचे उत्तरही जगात शोधता येते. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे जपानात वापरून झालेल्या प्रियस मोटारी हजारोंनी रस्त्यावर आहेत. तेथील हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तरी लोकांनी त्याच गाड्या पसंत केल्या. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून हायब्रिड मोटारी टॅक्सी म्हणून धावू लागल्या, आणि टॅक्सीइतकी कठोर परीक्षा दुसरी कोणती? अमेरिकेतील 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २०११ साली दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरांच्या आसपास धावलेली २००२ सालची प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीवर घेतलेल्या मापांत आणि या जुन्या गाडीच्या मापांत त्यांना नगण्य फरक आढळला. हे वाचल्यावर आमची निम्मी भीती गेली.

आपल्या देशातील कहाणी मात्र उशिरा सुरू झाली. २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रिड परदेशातून आणून विकली, २०१० साली प्रियस आली. परंतु दोहोंची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. २०१३ पासून टोयोटाची कॅमरी हायब्रिड बेंगळूरूजवळच्या बिडदी येथे जोडली जाऊ लागली. या कारखान्याच्या नावात किर्लोस्कर हे नाव आहे. लोखंडी नांगर करून महाराष्ट्रात उद्योगाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या व १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्याच घराण्याचा तो वारसा होय. पुढे २०२२ साली होंडाची सिटी, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या मध्यम किमतीच्या हायब्रिड मोटारी बाजारात आल्या. यांपैकी शेवटच्या दोन्ही बिडदीलाच तयार होतात. म्हणजे वापरलेली हायब्रिड मोटार सामान्य कुटुंबाच्या विचारात येण्याजोगी झाली ती अगदी अलीकडे. आम्ही शोध घेतला तो २०२४ च्या दिवाळीनंतर. त्या वेळी अशा मोठ्या नव्या मोटारींवर कर व अधिभार मिळून ४३ टक्के भरावे लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. नव्या मोटारीच्या किमतीत एवढा मोठा वाटा सरकारचा असता, तो पहिल्या धन्याने भरलेला बरा, असे आमच्या शिक्षकी मनास वाटले.

तरीही हिशेब करावाच लागतो. आमचा प्रवास वर्षाला सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचा. साधी पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरले तर ८३२ लिटर पेट्रोल लागेल. हायब्रिड २२ जाते असे धरले तर ५६७ लिटर. वाचले २६५ लिटर. पेट्रोलचा दर शंभराच्या वर असला तरी हिशेबास सोपा म्हणून शंभरच धरू. म्हणजे वर्षाला साडेसव्वीस हजार रुपये वाचतात. त्याच वयाची साधी स्वयंचलित मोटार आणि हायब्रिड मोटार यांच्या जुन्या बाजारातील किमतींत आम्हांस जे अंतर आढळले ते सव्वा लाखाचे. ते भरून येण्यास पावणेपाच वर्षे लागणार. ज्याचा प्रवास याच्या निम्मा आहे त्याला साडेनऊ वर्षे लागतील, आणि तितकी वर्षे जुनी गाडी ठेवण्यापेक्षा त्याने साधी मोटार घेणेच शहाणपणाचे. हे कोणताही विक्रेता सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आता फसता फसता वाचलो ती हकीकत. नागपुरात प्रथम पाहिलेल्या गाडीच्या पाठीवर 'हायब्रिड' अशी ठसठशीत अक्षरे होती आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी होती. दलाल मोठ्या उत्साहाने गुण सांगत होता. आम्ही चालवावयास बसलो तर गाडी जागची हलण्यापूर्वीच इंजिन सुरू झाले, आणि सपाट गल्लीत अगदी सावकाश नेली तरी ते थांबेना. चिरंजीवांना दूरध्वनी केला तेव्हा उलगडा झाला. हायब्रिडमध्ये दोन जाती आहेत. एका जातीत छोटीशी मोटर इंजिनाला नुसता हात देते, स्वतः गाडी ओढू शकत नाही. अशा सौम्य हायब्रिड मोटारी आपल्याकडे २०१५ पासून पुष्कळ विकल्या गेल्या. दुसऱ्या जातीत मोटर एकटीने गाडी ओढते. पहिल्या जातीत वाईट काही नाही, परंतु तिची बचत थोडी आणि दुसऱ्या जातीची किंमत देऊन ती घेणे म्हणजे दुधाच्या भावाने ताक घेणे होय. पाठीवरची अक्षरे दोहोंची सारखीच असू शकतात.

दुसरी गाडी खऱ्या जातीची होती. रंग चकचकीत, आसने नवी वाटावीत अशी, आणि मापकावर अडतीस हजार किलोमीटर. आमचा निर्णय जवळजवळ झाला होता. सवयीप्रमाणे आम्ही जुनी कागदपत्रे चाळू लागलो, आणि त्यांत वर्षभरापूर्वीच्या दुरुस्तीची एक घडी घातलेली पावती सापडली. तीवर एकसष्ट हजार किलोमीटर लिहिलेले होते! विक्रेत्याने पावतीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि "लिहिणाऱ्याची चूक झाली असेल" असे म्हणून चहा मागविला. चहा घेऊन आम्ही परतलो. घरी येताना मनास मोठा विषाद वाटला. ज्या गाडीत आजारी माणसास न्यायचे, तिचा पहिला शब्दच खोटा निघावा!

सौंसरला आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे मोटार दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्याकडे जाऊन हे सारे सांगितले. तो हात पुसत म्हणाला, "गुरुजी, गाडी मागून पाहा जी, आधी मालक पाहा. हे यंत्र लवकर दगा देत नाही. दगा देते तो माणूस. मालकाने निगा ठेवली असेल तर डोळे मिटून घ्या." मग हसून म्हणाला, "डोळे मिटून नाही जी, उघडेच ठेवून घ्या." पुढील महिनाभर आम्ही त्याच्या या वाक्यावर चाललो.

तिसरी गाडी एका निवृत्त प्राध्यापिका बाईंची होती. दृष्टी मंद झाल्यामुळे त्यांनी वाहन चालविणे सोडले होते. गाडी २०२३ च्या आरंभी नोंदलेली, चौतीस हजार किलोमीटर धावलेली. मागणी तेरा लाखांची, म्हणजे आधीच्या गाडीहून साठ हजारांनी अधिक. बाईंनी आम्हांस बसविले, पाणी दिले आणि एक वही पुढे ठेवली. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, प्रत्येक सर्व्हिसिंग, टायरची हवा, सारे तारखेनिशी नोंदलेले. पावत्या पाठीमागे टाचलेल्या. मग आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी आहे. आमचा कुत्रा तिथेच बसायचा. त्याच्या केसांनी ती एकदा भरली आणि पंखा मोठ्याने वाजू लागला. लगेच साफ करून घेतली, ही पावती. पण तुम्ही पुन्हा तपासून घ्या." आमच्या पत्नी इतका वेळ गप्प बसून होत्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, जी बाई न विचारता दोष सांगते, तिची गाडी घ्या. साठ हजार त्या वहीचे समजा."

तथापि मिस्त्रीने डोळे उघडे ठेवण्यास सांगितले होते. आम्ही बाईंच्या संमतीने गाडी त्या कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत नेली व शुल्क भरून तपासून घेतली. हायब्रिड मोटारीत काय पाहावे ते येथे नमूद करतो. मोठी बॅटरी अनेक लहान घटांची बनलेली असते. संगणक जोडून त्या सर्वांचा दाब पाहता येतो. तो सगळ्यांचा जवळजवळ सारखा असावा. एखादा घट फार मागे पडत असेल तर ते दुखण्याचे लक्षण. बॅटरीस थंड हवा देणारी जाळी व पंखा स्वच्छ असावा, कारण उष्णता हीच बॅटरीची मुख्य वैरीण आहे आणि आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. विजेचे रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरला थंड ठेवणारे द्रव योग्य पातळीवर असावे. जाड नारिंगी तारा उंदराने कुरतडलेल्या नसाव्यात. त्या तारांत घातक दाबाची वीज असते, म्हणून त्यांना गावठी मिस्त्रीचा किंवा आपलाही हात लागता कामा नये.

आणखी एक प्रश्न नागपूरच्या कोणत्याही जुन्या गाडीबाबत अवश्य विचारावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि असंख्य मोटारी बुडाल्या. "त्या रात्री ही गाडी कोठे होती?" असे आम्ही विचारले. पाण्यात बुडालेली साधी मोटार एक वेळ सुधारते. ज्या मोटारीत बॅटरी व विजेची यंत्रणा खालच्या भागात आहे तिच्यावर पाणी गेले असेल तर ती स्वस्तातही महाग पडते. बाईंचे घर उंचावरच्या भागात होते. तरी आम्ही आसनाखालचे गालिचे उचलून गंज व चिखलाचे डाग पाहिले आणि विम्याच्या कागदांत त्या वर्षी नुकसानीची मागणी नाही याचीही खात्री करून घेतली.

बॅटरीच्या हमीचा कागदही वाचला. या गाडीच्या बॅटरीस आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी होती. ती गाडीबरोबर नव्या धन्याकडे येते, मात्र तिची वर्षे पहिल्या विक्रीच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे २०३१ च्या आरंभापर्यंत. आमच्या प्रवासाचा वेग धरता तोवर गाडी सव्वा लाखाच्याही आत राहील. त्यानंतर बॅटरी गेलीच तर किती खर्च येईल, तेही कार्यशाळेत विचारून लिहून ठेवले. ज्या भीतीस आकडा लाभतो ती भीती निम्मी होते, असा आमचा अनुभव आहे.

व्यवहार झाला, परंतु राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांस आणखी एक पायरी चढावी लागते. गाडी महाराष्ट्राची, आम्ही मध्य प्रदेशचे. दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवावयाचे तर येथे नवी नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलाचे नमुने २९ व ३०, आणि येथील कर. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ आधी हाती घ्यावा. विमाही आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते. हे विसरणारे पुष्कळ असतात, व अपघात झाल्यावर त्यांचे डोळे उघडतात. किमतीचा सौदा करताना हा कर व हा हेलपाटा मनात धरावा, नाहीतर नागपुरात स्वस्त वाटलेली गाडी छिंदवाड्यात महाग ठरते.

त्याच कामासाठी आम्ही छिंदवाड्यास गेलो. परतताना सिल्लेवानीचा घाट लागला. उतारावर इंजिन आपोआप शांत झाले; टायरांचा व वाऱ्याचा काय तो आवाज. समोरच्या पडद्यावर बॅटरी भरत असल्याची खूण दिसत होती. आमच्या पत्नीने डोळे मिटले होते. आम्हांस वाटले त्यांस झोप लागली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आवाज नाही, धक्का नाही. अशी गाडी असेल तर मी नागपूरला जाईन." त्याआधीचे काही आठवडे त्या उपचारच नकोत असे म्हणू लागल्या होत्या, हे आम्ही कोणास सांगितले नव्हते. पुण्याच्या चिरंजीवांनाही नाही.

तेव्हापासून एक उन्हाळा व एक पावसाळा पूर्ण झाला आहे. अनुभव जसा आला तसा सांगतो. अशा एका मोटारीच्या जाहिरातीत लिटरला २७.९७ किलोमीटर असा आकडा आम्ही वाचला होता; आमच्या वहीत मात्र सरासरी एकवीस ते बावीस पडते. याचे कारण आमचा रस्ता. ही मोटार शहराच्या गर्दीत, थांबत थांबत चालताना अधिक बचत करते. मोकळ्या हमरस्त्यावर सलग वेगाने इंजिनच काम करीत राहते आणि लाभ घटतो. सामानाची जागा थोडी कमी आहे. दुरुस्तीसाठी सौंसरचा मिस्त्री पुरत नाही, नागपूरच गाठावे लागते. याच्या उलट, ब्रेकच्या पट्ट्यांना कार्यशाळेने अजून हात लावलेला नाही, मोठ्या बॅटरीने एकदाही तक्रार केलेली नाही आणि क्लच नसल्यामुळे आमचा दुखरा गुडघाही समाधानी आहे.

एकदा मात्र गाडीने दगा दिला, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. पत्नीस रुग्णालयात पंधरवडाभर ठेवावे लागले. आम्हीही तेथेच राहिलो व गाडी घरी उभी राहिली, आतील दिवा सुरूच. परतलो तो गाडी मृतवत. मोठी बॅटरी गेली असे वाटून आमच्या पायांतील बळ गेले. मिस्त्रीस बोलाविले. तो म्हणाला, "गुरुजी, मोठी नाही जी, छोटी उतरली." या मोटारीतही साध्या मोटारीसारखी एक १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. संगणक जागा करण्याचे काम तिचे. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी जागी होत नाही. आणि ढकलूनही सुरू होत नाही. शेजाऱ्याच्या मोटारीवरून वीज दिली आणि दोन मिनिटांत काम झाले. तेव्हापासून गाडी उभी राहणार असेल तर आम्ही ती आठवड्यातून एकदा अर्धा तास सुरू ठेवतो.

तर मग वापरलेली हायब्रिड मोटार घ्यावी काय? ज्याचा प्रवास नित्याचा व बऱ्यापैकी मोठा आहे, विशेषतः शहरी गर्दीतून आहे, ज्याला अधिकृत कार्यशाळा गाठता येते आणि जिच्या बॅटरीची हमी काही वर्षे शिल्लक आहे अशी गाडी ज्याला मिळते, त्याने अवश्य घ्यावी. यंत्र भरवशाचे आहे, याविषयी आमच्या मनात आता संशय उरलेला नाही. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन येते, त्याने पेट्रोलच्या बचतीच्या मोहात पडू नये. आणि दोघांनीही गाडीपूर्वी तिचे कागद पाहावेत, व कागदांपूर्वी ते ठेवणारा माणूस.

बाईंची वही त्यांनी गाडीबरोबरच आम्हांस दिली. तिच्या उरलेल्या पानांवर आता आमचे अक्षर आहे. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायरची हवा, सारे तारखेनिशी. आणि त्या पंधरवड्यात आम्ही दिवा मालवण्यास विसरलो होतो, तेही लिहून ठेवले आहे. उद्या ही गाडी आम्ही कोणास विकू तेव्हा त्याला ते वाचावयास मिळेल. परवा पत्नीने वही चाळली आणि विचारले, "हे कशाला लिहिले? आपलीच चूक ना?" आम्ही म्हणालो, "बाईंनी कुत्र्याचे सांगितले नव्हते का?" त्या हसल्या, वही गाडीच्या कप्प्यात परत ठेवली आणि म्हणाल्या, "चला, उशीर होतो आहे." तो गुरुवार होता, नागपूरचा दिवस.